सुई फेकायची ठरली तेव्हा

एकेकाळी रुग्णालयात फारसं काही फेकलं जात नसे. काचेची सिरिंज वापरायची, धुवायची, उकळायची, पुन्हा वापरायची. सुई बोथट झाली की परिचारिका दगडावर घासून तिला धार लावत. चादरी, गाउन, बँडेजसुद्धा धुऊन परत येत. चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह हे निर्जंतुक करायचं यंत्र तयार केलं आणि दाबाखालच्या वाफेमुळे हे सगळं आणखी भरवशाचं झालं.

त्या काळाचे गोडवे गाण्याआधी हेही सांगायला हवं की, नीट निर्जंतुक न झालेल्या सिरिंजमधून कावीळ पसरत होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. म्हणूनच एकदा वापरून टाकायच्या वस्तू केवळ सोयीसाठी आल्या, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. १९५४ मध्ये अमेरिकेत साल्क यांच्या पोलिओ लशीची चाचणी झाली, तेव्हा लाखो मुलांना टोचायचं होतं. त्यासाठी बेक्टन डिकिन्सन कंपनीने एकदाच वापरायच्या काचेच्या सिरिंज बनवल्या. दोनच वर्षांत न्यूझीलंडच्या कॉलिन मरडॉक यांनी प्लास्टिकच्या सिरिंजचं पेटंट घेतलं. रक्त साठवायच्या काचेच्या बाटलीच्या जागी पीव्हीसी या प्लास्टिकची पिशवी आली. पुढे १९८० च्या दशकात एड्सने धडकी भरवली. प्रत्येक रुग्णाचं रक्त संसर्गजन्यच समजायचं असा नियम झाला आणि हातमोज्यांचा खप प्रचंड वाढला.

माझ्या मते चूक फेकण्यात नव्हती, सगळं एकत्र फेकण्यात होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने रुग्णालयातला सुमारे ८५ टक्के कचरा घरच्या कचऱ्यासारखाच असतो. पण पुठ्ठा, उरलेलं जेवण, वेष्टनं आणि रक्ताने भिजलेला कापूस एकाच पिशवीत गेला की, ती सगळी पिशवीच धोकादायक ठरते. १९८७-८८ च्या उन्हाळ्यांत न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यांवर वापरलेल्या सिरिंज वाहून आल्या. लोक हादरले, १९८८ मध्ये अमेरिकेत वैद्यकीय कचऱ्याचा माग ठेवणारा कायदा झाला.

अशा कचऱ्यावर तेव्हाचा नेहमीचा उपाय म्हणजे तो जाळायची भट्टी. पण पीव्हीसी जळताना त्यातल्या क्लोरीनपासून डायऑक्सिन तयार होतं, आणि ते कर्करोगाला कारणीभूत ठरतं. १९९४ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मसुदा अहवालात वैद्यकीय कचऱ्याच्या भट्ट्या डायऑक्सिनच्या सर्वांत मोठ्या ज्ञात स्रोतांमध्ये निघाल्या. माणसं बरी करणाऱ्या जागांच्याच धुराड्यांतून हे विष बाहेर पडत होतं. १९९६ मध्ये ‘हेल्थ केअर विदाउट हार्म’ ही चळवळ याच धक्क्यातून उभी राहिली. पुढच्याच वर्षी कडक नियम आले आणि तिथल्या बहुतेक भट्ट्या बंद पडल्या. वाफेने निर्जंतुक करणं आणि कचरा जिथे तयार होतो तिथेच वेगळा करणं, यांवर भर आला. पाऱ्याचे थर्मामीटर हद्दपार करायची पाळी पाऱ्याला आळा घालणाऱ्या २०१३ च्या मिनामाता कराराने आली.

मग नजर कचऱ्याच्या डब्यापलीकडे गेली. २०१९ च्या एका मोजणीत जगभरच्या आरोग्यसेवेचा वाटा एकूण हरितगृह वायूंच्या ४.४ टक्के निघाला आणि त्यातला मोठा हिस्सा वस्तू बनवण्याचा नि आणण्याचा होता. भूल देण्याचा डेस्फ्लुरेन वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवतो. स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०२३ मध्ये त्याचा वापर थांबवला. त्याआधी, २०२० च्या कोविड साथीत एकदाच वापरायचे गाउन संपले, तेव्हा कित्येक रुग्णालयांनी कापडी गाउन पुन्हा बाहेर काढले होते.