अमोनिया गायब कुठे होत होता? अॅनामॉक्सची पार्श्वभूमी

अॅनामॉक्स म्हणजे ऑक्सिजनशिवाय अमोनिया तोडून नायट्रोजन गॅस बनवणारी बॅक्टेरियांची क्रिया. ऑक्सिजन नसला की काही बॅक्टेरिया चक्क नायट्रेटवर (नायट्रोजन आणि ऑक्सिजनचं संयुग) श्वास घेतात आणि शेवटी नायट्रोजन गॅस सोडतात, हे तसं जुनं ज्ञान, 1886 मध्ये फ्रान्समधल्या गायों आणि द्युपती यांनी असे जीव वेगळे काढले, डीनायट्रिफिकेशन हे नाव तेव्हाचंच. पण अमोनियाचं काय? तो तोडायला ऑक्सिजन लागतोच, असंच सगळे धरून चालायचे.

1977 मध्ये एंगेलबर्ट ब्रोडा या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने नुसता ऊर्जेचा हिशोब मांडून सांगितलं की ऑक्सिजनशिवाय अमोनियावर जगणारे बॅक्टेरिया निसर्गात असायला हवेत, अजून कुणाला सापडले नाहीयेत इतकंच. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात भारी वाटतो, जीव दिसायच्या आधी कागदावर त्याची जागा रिकामी ठेवलेली!

मग 1980 च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला, यीस्ट बनवणाऱ्या गिस्ट-ब्रोकेड्स कंपनीच्या सांडपाण्यावर काम करताना आर्नोल्ड मुल्डर यांना दिसलं की हवा नसलेल्या टाकीतून अमोनिया कमी होतोय आणि नायट्रोजन गॅस निघतोय. डेल्फ्ट विद्यापीठात खाइस क्यूनन यांच्या टीमने त्याचा पाठपुरावा केला, हे काम जिवंत बॅक्टेरियाचंच आहे हे 1995 पर्यंत नक्की झालं, आणि 1999 मध्ये मार्क स्ट्राउस आणि सहकाऱ्यांनी जीव ओळखला, ब्रोकेडिया हे नाव त्या कंपनीवरूनच. इतका वेळ का लागला तर हे जीव भयंकर हळू वाढतात, एकाचे दोन व्हायला दहा-बारा दिवस, कधी जास्तच. अमोनियातला एक नायट्रोजन आणि नायट्राइटमधला (नायट्रेटसारखंच, पण एक ऑक्सिजन कमी असलेलं संयुग) एक जोडून ते गॅस बनवतात आणि मधे हायड्राझिन तयार होतं, म्हणजे रॉकेटमध्ये वापरतात तेच विषारी इंधन, पेशीच्या आत एका वेगळ्या कप्प्यात!

2002 मध्ये रॉटरडॅमला सांडपाण्यासाठी अॅनामॉक्सचा पहिला मोठा रिअॅक्टर सुरू झाला पण पूर्ण क्षमतेला यायला साडेतीन वर्षं गेली. फायदा मोठा आहे, नेहमीच्या पद्धतीपेक्षा हवा कमी मारावी लागते आणि बॅक्टेरियांना खाद्य म्हणून मिथेनॉलसारखं काही वरून घालावं लागत नाही.

2003 मध्ये काळ्या समुद्रातही हीच क्रिया सापडली. मग प्रश्न आला आपल्या अरबी समुद्राचा, जिथे साधारण दीडशे मीटरखाली ऑक्सिजन जवळपास नसतोच, आणि गोव्यातल्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था) नक्वी वगैरे मंडळी त्यावर आधीपासून काम करत होती. 2009 च्या अभ्यासात मात्र तिथे जुनं डीनायट्रिफिकेशनच वरचढ निघालं, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या किनाऱ्याजवळ अॅनामॉक्स जास्त दिसलं होतं त्याच्या बरोबर उलट.