डुकराच्या ग्रंथीची गोळी आणि थायरॉक्सिनची गोळी: एकीवरून दुसरीवर जाण्याआधी

थायरॉइडची गोळी रोज पहाटे उपाशीपोटी घेणारी माणसं कोल्हापुरात आता गल्लोगल्ली आहेत. मी शाहूपुरीत औषधाच्या काउंटरवर बसते, त्यामुळे त्यांचे प्रश्न रोज कानावर येतात. त्यातला एक हल्ली वरचेवर येतो: ‘ही केमिकलची गोळी जन्मभर घ्यायची, त्यापेक्षा नैसर्गिक थायरॉइडची गोळी मिळते म्हणे, ती का देत नाही?’ प्रश्न रास्त आहे. तो झटकून टाकणं मला पटत नाही, म्हणून दोन्ही गोळ्या शेजारी ठेवून बघू.

विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा काहीतरी झाडपाल्याचं असतं. परदेशात ‘नॅचरल थायरॉइड’ म्हणून मिळते ती मात्र डुकराची थायरॉइड ग्रंथी वाळवून, तिची पूड करून बनवलेली गोळी आहे. आर्मर थायरॉइड, एनपी थायरॉइड ही त्यातली नावं. आमच्याकडे जैन गिऱ्हाईक येतं, मुस्लिम येतं, माळकरी येतात. गोळी कशापासून केली आहे हे त्यांना आधी कळलं पाहिजे, आणि पुष्कळांचा निर्णय तिथेच होतो. कांचनार गुग्गुळ ही आयुर्वेदिक गोळी, ती आणखी वेगळी गोष्ट. त्यात थायरॉइडचं हार्मोनच नसतं. ज्याची ग्रंथी काम करत नाही किंवा ऑपरेशन करून काढली आहे, त्याने रोजची गोळी सोडून गुग्गुळावर राहू नये.

दुसरी गोळी म्हणजे आपल्या ओळखीची थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स. आतलं औषध एकच, लिव्होथायरॉक्सिन. ते कारखान्यात तयार होतं हे खरं, पण त्याचा रेणू आपल्या गळ्यातली ग्रंथी जो टी४, म्हणजे थायरॉक्सिन हे हार्मोन, बनवते त्याच्याशी तंतोतंत जुळतो. रक्तात मिसळल्यावर कुठला टी४ ग्रंथीतून आला आणि कुठला बाटलीतून, हे शरीराला कळत नाही. त्यामुळे ‘केमिकल’ म्हणून या गोळीला नाकारण्यात मला अर्थ दिसत नाही. खरा फरक टी३ या थायरॉइडच्या दुसऱ्या हार्मोनमध्ये आहे.

टी४ म्हणजे कणगीतला जोंधळा आणि टी३ म्हणजे तव्यावरून उतरलेली भाकरी. पेशींना काम करायला टी३ लागतो. निरोगी माणसाची ग्रंथी मुख्यतः टी४ सोडते, आणि यकृत, मूत्रपिंड, स्नायू वगैरे गरजेनुसार त्याचा टी३ करून घेतात. शरीरातला सुमारे ८० टक्के टी३ असा ग्रंथीच्या बाहेर तयार होतो. माणसाच्या ग्रंथीतून टी४ आणि टी३ साधारण १४ ला १ या प्रमाणात बाहेर पडतात. डुकराच्या ग्रंथीत हे प्रमाण ४ ला १ च्या आसपास असतं. म्हणजे पूड नैसर्गिक आहे, पण तिच्यातलं प्रमाण डुकराचं आहे.

एका काळी मात्र प्राण्याच्या ग्रंथीशिवाय दुसरं औषधच नव्हतं, आणि तिने माणसं वाचवली. १८९१ साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क ४६ वर्षांच्या एका बाईला टोचला. चेहरा सुजलेला, हालचाल मंदावलेली, अशी तिची अवस्था होती. ती त्यानंतर २८ वर्षं जगली. पुढच्याच वर्षी ग्रंथी तोंडावाटे दिली तरी चालते हे कळलं. १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी अमेरिकेत थायरॉक्सिन वेगळं काढलं, १९२७ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झालं, आणि टी३ चा शोध लागायला १९५२ उजाडलं. तरीही कित्येक वर्षं डॉक्टर ग्रंथीची पूडच देत राहिले. १९७० मध्ये दिसून आलं की ज्यांना स्वतःची ग्रंथीच नाही अशा लोकांना नुसता टी४ दिला तरी त्यांच्या रक्तात टी३ तयार होतो. मग वेगळा टी३ देण्याचं कारण राहिलं नाही, आणि लिव्होथायरॉक्सिन मुख्य औषध झालं.

आता आकड्यांकडे येते, कारण बदल करताना सगळ्यात मोठी चूक इथेच होते. मंगळवार पेठेतल्या एक काकू परवा पिशवीतून बाटली काढून म्हणाल्या, “लेकीनं अमेरिकेवरनं धाडलीया. नैसर्गिक हाय म्हणं, तिला लई फरक पडला. मग माझी ५० ची बंद करून ही ६० ची चालू करू काय? दहाचाच तर फरक हाय.” मी झाकण उघडलं. आत फिकट तपकिरी गोळ्या होत्या, त्यांचा उग्र वास लगेच नाकात गेला. “काकू, हे दोन आकडे एका मापातले नाहीत,” म्हटलं, आणि पावतीच्या पाठीमागे लिहून दाखवलं.

त्यांची ५० म्हणजे ५० मायक्रोग्रॅम शुद्ध टी४. अमेरिकेच्या बाटलीवरची ६० म्हणजे ६० मिलिग्रॅम वाळलेली ग्रंथी, म्हणजे तिकडच्या मापात एक ग्रेन. त्या पुडीत ३८ मायक्रोग्रॅम टी४ आणि ९ मायक्रोग्रॅम टी३ असतो. जुन्या तक्त्यांत एक ग्रेन म्हणजे लिव्होथायरॉक्सिनचे १०० मायक्रोग्रॅम असं धरलं आहे. पण टी३ चा जोर टी४ च्या तिप्पट-चौपट धरून हिशेब मांडला, तर उत्तर ६५ ते ७५ च्या घरात येतं. तक्त्यातच एवढी तफावत असल्यावर घरी बसून आकडा जुळवणं कुणालाच जमणार नाही. काकूंना त्या एका गोळीने सव्वा ते दुप्पट डोस गेला असता, तोही हृदयात स्टेंट असताना. त्या बाटली तशीच मिटून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या.

हृदयाचा मुद्दा एवढा का ताणून धरते, तेही सांगते. टी४ शरीरात सावकाश मुरतो. त्यातला निम्मा संपायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एखादा दिवस गोळी चुकली तरी रक्तातली पातळी फारशी हलत नाही. टी३ चा निम्मा भाग साधारण दिवसभरात संपतो, आणि गोळी घेतल्यावर दोन ते चार तासांत त्याची लाट वर चढते. तरुण, धडधाकट माणसाला कदाचित तेव्हा तरतरी वाटेल. साठी ओलांडलेल्याला किंवा हृदयविकार असलेल्याला त्याच लाटेत धडधड होते, ठोके अनियमित पडू शकतात. पाळी गेलेल्या बायकांच्या शरीरात हार्मोन दीर्घकाळ जास्त राहिलं तर हाडंही विरळ होतात.

मग लेकीला फरक पडला तो खोटा का? तसं मी म्हणणार नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत ७० रुग्णांना आधी एक आणि मग दुसरी, अशा दोन्ही गोळ्या प्रत्येकी १६ आठवडे देऊन पाहिल्या. कुठली गोळी चालू आहे हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. एकंदर लक्षणांत आणि स्मरणशक्तीच्या चाचण्यांत दोन्हींत फरक दिसला नाही. पण शेवटी कुठली गोळी आवडली असं विचारल्यावर ३४ जणांनी ग्रंथीची गोळी निवडली, १३ जणांनी लिव्होथायरॉक्सिन, आणि २३ जणांना दोन्ही सारख्याच वाटल्या. ग्रंथीच्या गोळीवर वजन सरासरी तीनेक पौंड कमी भरलं. म्हणजे काही जणांना ती मानवते, हे मान्य करायला हवं. टीएसएच (थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढतो तो तपासणीतला आकडा) नॉर्मल असूनही थकवा जात नाही अशी माणसं असतात, आणि ‘रिपोर्ट चांगला आहे’ एवढं ऐकवून त्यांना परत पाठवलं जातं याचं मला वाईट वाटतं. अशांसाठी लिव्होथायरॉक्सिनबरोबर थोडा टी३ वेगळा देऊन पाहण्याचा मार्गही काही एंडोक्रिनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचे डॉक्टर, वापरतात. त्यात दोन्हींचं प्रमाण डॉक्टरांच्या हातात राहतं, आणि मला तो जास्त सुरक्षित वाटतो.

ग्रंथीच्या गोळीची दुसरी अडचण एकसारखेपणाची. अमेरिकेत ती जुन्या काळापासून विकली जाते, पण तिथल्या एफडीएची, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, रीतसर मान्यता तिला कधीच मिळालेली नाही. २०२० मध्ये एनपी थायरॉइडच्या काही बॅच जोर जास्त भरला म्हणून, तर नेचर-थ्रॉइड आणि डब्ल्यूपी थायरॉइडच्या बॅच जोर कमी भरला म्हणून परत मागवल्या गेल्या. लिव्होथायरॉक्सिनच्या बॅचही कधी कधी परत गेल्या आहेत, ते लपवण्यात अर्थ नाही. पण ती इथे कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते, तीही १२.५, २५, ५०, ६२.५, ७५ अशा बारीक पायऱ्यांत. ग्रंथीची गोळी आमच्या कपाटात नसते. कुणीतरी येताना आणणार, ती संपली की पुढच्या सुट्टीची वाट बघणार, आणि मधले महिने पुन्हा जुनी गोळी. अशा हेलकाव्यात कुठलाच डोस बसत नाही.

बदल करावासा वाटण्यामागे पुष्कळदा गोळीचा दोषच नसतो. रंकाळ्यावर फिरून यायचं, गोळी तोंडात टाकायची आणि लगेच गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर पिळलेल्या म्हशीचं पेलाभर धारोष्ण दूध प्यायचं, असा कित्येकांचा शिरस्ता. दुधातलं कॅल्शियम गोळीला पोटातच धरून ठेवतं, ती रक्तात पुरी पोचत नाही. मग टीएसएच वाढतो, डॉक्टर डोस वाढवतात, आणि माणूस म्हणतं गोळी लागू पडत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत आणि थायरॉइडच्या गोळीत चार तास हवेत. दुधाचा चहा अर्धा ते एक तास थांबवा. पित्तासाठी पॅन्टोप्राझोल रोज चालू असेल तर तेही सांगा. एवढं सुधारून सहा आठवड्यांनी टीएसएच करा, आणि मग बदलाचं बोला. पहाट जमत नसेल तर रात्री जेवणानंतर तीन तासांनी घेतली तरी चालते, फक्त रोज तीच वेळ पाळा. बाटली स्वयंपाकघराच्या दमट फळीवर नको. कंपनीही सारखी बदलू नका.

उलट दिशेचा बदलही होतो. बरीच वर्षं तिकडे राहून कोल्हापुरात परतलेले कुणी ग्रंथीच्या गोळीवर असतात आणि साठा संपत आलेला असतो. त्यांनी शेवटची गोळी संपेपर्यंत थांबू नये. टी३ दोन-चार दिवसांत ओसरतो, आणि नव्या टी४ ची पातळी स्थिर व्हायला पाच-सहा आठवडे लागतात. मधल्या दिवसांत अंग जड वाटेल, झोप जास्त येईल. ‘हे मला सोसत नाही’ असं ठरवून आठव्या दिवशीच डोस बदलायला लावलं तर खरा आकडा कधीच हाती लागत नाही. टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनीच करायचा. छातीत दुखलं, हात थरथरू लागले किंवा धडधड थांबेना, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच डॉक्टर गाठायचे.

रिपोर्ट वाचतानाही गोळी कुठली ते ठाऊक हवं. ग्रंथीच्या गोळीवर फ्री टी४ (रक्तातला मोकळा टी४) खाली आणि टी३ वर दिसणं स्वाभाविक आहे. नुसता टी४ बघून डोस वाढवला तर घात होईल. त्या दिवशी रक्त गोळी घेण्याआधी द्या, नाहीतर टी३ ची लाटच मोजली जाईल. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असाल तर ते निदान दोन दिवस आधी बंद ठेवा, त्याने टीएसएच खोटा कमी दिसू शकतो.

काकूंच्या लेकीसारख्या तरुण मुलींसाठी एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या टी४ वर अवलंबून असते, आणि ग्रंथीच्या गोळीत टी४ कमी, टी३ जास्त. म्हणून मूल हवं असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच लिव्होथायरॉक्सिनवर यावं आणि टीएसएच जागेवर आणून मग पुढे जावं. गरोदरपणात डोस साधारण पाव ते निम्म्याने वाढवावा लागतो, आणि ही गरज पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते. पाळी चुकली की त्याच आठवड्यात रक्त तपासून डॉक्टरांना फोन करायचा.