फेज उपचार आणि फेजसंग्रह

फेज उपचार म्हणजे जीवाणूंना मारणाऱ्या विषाणूंचा औषध म्हणून केलेला वापर. या विषाणूंना बॅक्टेरिओफेज, जीवाणुभक्षक किंवा नुसते फेज म्हणतात. माती, नदी, समुद्र, सांडपाणी, शेणखत, माणसाचे आतडे अशा जिथे जिथे जीवाणू असतात तिथे तिथे फेजही असतात. पृथ्वीवरील त्यांची एकूण संख्या १० च्या ३१ व्या घाताएवढी असावी, असा अंदाज आहे. माणसाच्या पेशींना ते संसर्ग करत नाहीत. एक फेज सहसा जीवाणूच्या एकाच जातीला मारतो, आणि बऱ्याचदा त्या जातीतल्याही काही वाणांनाच.

या काटेकोर निवडीमुळे फेज उपचाराचे बळ आणि त्याची अडचण दोन्ही निर्माण होतात. प्रतिजैविक घेतले की आतड्यातील उपयोगी जीवाणूही मरतात. फेज त्यांना धक्का लावत नाही. पण दुकानात तयार असलेली एकच बाटली सर्व रुग्णांना चालेल, असेही होत नाही. रुग्णाच्या शरीरातून जीवाणू वेगळा करायचा, त्याच्यावर अनेक फेज आजमावून पाहायचे आणि लागू पडणारा फेज वाढवून द्यायचा, असा हा क्रम आहे. त्यासाठी आधीच गोळा केलेले, नोंदलेले आणि थंडीत जपलेले हजारो फेज कुठेतरी असावे लागतात. रक्तपेढीत दुर्मीळ रक्तगटाची पिशवी असावी लागते, तसेच हे. म्हणून या उपचाराचा विचार त्याच्यामागच्या संग्रहांना आणि ते उभे करणाऱ्या माणसांना वगळून करता येत नाही.

पूर्वेतिहास

आग्र्याला सरकारी रासायनिक परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किन यांनी १८९६ मध्ये नोंदवले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जीवाणू टिकत नाहीत आणि पाणी उकळले की हा गुण जातो. फेजच्या शोधाची कथा पुष्कळदा इथूनच सांगितली जाते. हॅन्किन यांनी पाहिलेला परिणाम खरोखर फेजचा होता का, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे आणि ती रास्त आहे. नि:संदिग्ध शोधाचे श्रेय लंडनचे फ्रेडरिक ट्वॉर्ट (१९१५) आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फेलिक्स देरेल (१९१७) यांना जाते. बॅक्टेरिओफेज हे नाव देरेल यांनी दिले. १९१९ मध्ये पॅरिसच्या एका बालरुग्णालयात त्यांनी आमांशाच्या रुग्णावर पहिला उपचार केला. तत्पूर्वी तो द्रव सुरक्षित आहे याची खात्री पटावी म्हणून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला होता.

भारताचा या इतिहासातला वाटा मोठा आहे. १९२७ मध्ये देरेल पंजाबात पटकीच्या साथीवर काम करत होते. पुढे पाटण्याला इगोर आशेशोव्ह आणि शिलाँगच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये जॉन मॉरिसन यांनी ते काम नेटाने चालवले. आसाममधल्या नौगाव जिल्ह्यात गावोगावी पटकीविरोधी फेज वाटला गेला आणि दुसऱ्या एका भागाशी मृत्यूंची तुलना केली गेली. आजच्या कसोट्यांवर हे प्रयोग पुरेसे ठरणार नाहीत. तरी साथ सुरू असताना, रस्ते आणि वाहने तुटपुंजी असताना झालेला तो लोकआरोग्याचा उपक्रम भारतीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या इतिहासात फारच थोडक्यात उरकला जातो, हे खटकते.

१९२३ मध्ये जॉर्ज एलियावा यांनी जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात संस्था स्थापन केली. देरेल यांनी तिथे काही काळ काम केले. १९३७ मध्ये स्टालिनच्या दमनसत्रात एलियावा यांना ठार मारण्यात आले, पण संस्था टिकली आणि आजही तिथे रुग्ण येतात. पोलंडमध्ये व्रोत्स्वाफ इथेही फेज उपचाराची परंपरा अखंड राहिली. पश्चिमेकडे मात्र १९४० च्या दशकात पेनिसिलिन आल्यावर तो मागे पडला. फेज उरला तो मूलभूत संशोधनाचे साधन म्हणून, आणि तेही असे की डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य असल्याचा हर्शी व चेस यांचा १९५२ चा प्रसिद्ध पुरावा फेजवरच मिळाला.

काम कसे चालते

फेज जीवाणूच्या पृष्ठभागावरील ठरावीक रेणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो आणि जीवाणूच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती बनवून घेतो. टी-४ या बहुपरिचित फेजच्या बाबतीत जेमतेम अर्ध्या तासात जीवाणू फुटून शंभरावर नवे फेज बाहेर पडतात. काही फेज लगेच मारत नाहीत. त्यांचा डीएनए जीवाणूच्या गुणसूत्रात जाऊन बसतो. अशा सौम्य फेजचा उपचारात थेट उपयोग नाही. शिवाय ते एका जीवाणूची विषजनुके दुसऱ्यापर्यंत नेऊ शकतात, म्हणून निवड करताना जनुकक्रम तपासणे अत्यावश्यक ठरते.

नवा फेज शोधण्याची रीत साधी आहे. ओलसर मातीचा किंवा सांडपाण्याचा नमुना पोषक द्रवात ढवळतात आणि सूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळतात. जीवाणू वर अडकतात, फेज खाली उतरतात. हा गाळलेला द्रव जीवाणूंसह पातळ आगरमध्ये (समुद्रशेवाळापासून बनणाऱ्या जेलीत) मिसळून पेट्री डिशवर ओततात. दुसऱ्या दिवशी डिशभर जीवाणूंची दुधट साय धरलेली असते आणि तिच्यात मधेच कुठे कुठे काचेसारखे स्वच्छ गोल डाग दिसतात. तिथले जीवाणू मेलेले असतात. एका डागातला कण सुईच्या टोकाने उचलून पुन्हा पसरतात, पुन्हा उचलतात, असे करत एकच शुद्ध फेज हाती येतो. डागाची कड स्पष्ट आहे की धूसर, यावरून तो नि:शेष मारणारा आहे की सौम्य, याचा पहिला अंदाज सरावलेल्या डोळ्याला येतो.

विद्यार्थ्यांचा संग्रह

ही रीत पदवीच्या पहिल्या वर्षातल्या विद्यार्थ्यालाही जमते, आणि तिच्यावरच एक विलक्षण उपक्रम उभा राहिला. अमेरिकेतील पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रॅहम हॅटफुल आणि हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट यांनी २००८ मध्ये सी-फेजेस हा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आपल्या परिसरातली माती आणतात, तिच्यातून फेज वेगळा करतात, त्याचे नाव स्वतः ठेवतात, जनुकक्रम वाचून त्याची नोंद सार्वजनिक माहितीसाठ्यात करतात. आज शंभराहून अधिक महाविद्यालये यात आहेत. फेज वाढवण्यासाठी बहुतेक ठिकाणी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस हा क्षयाच्या जीवाणूचा निरुपद्रवी आणि भराभर वाढणारा नातलग वापरतात. सुरुवातीला उद्देश शिकवण्याचा आणि फेजची विविधता समजून घेण्याचा होता. रुग्णांचा विचार त्यात ठळक नव्हता.

ऑक्टोबर २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेट ऑरमंड स्ट्रीट रुग्णालयातून हॅटफुल यांच्याकडे विचारणा आली. सिस्टिक फायब्रोसिस हा फुप्फुसे निकामी करणारा आनुवंशिक आजार असलेल्या आणि फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या दोन किशोरवयीन रुग्णांना मायकोबॅक्टेरियम अ‍ॅबसेसस या क्षयाच्या जीवाणूच्या दुसऱ्या एका नातलगाचा संसर्ग झाला होता आणि एकही प्रतिजैविक लागू पडत नव्हते. संग्रहात तेव्हा दहा हजारांवर फेज होते. ते सगळे आजमावणे शक्य नसल्याने जवळच्या कुळांतले निवडून तपासले गेले. एका रुग्णाचा उपचार सुरू होण्याआधीच मृत्यू झाला. दुसऱ्या, पंधरा वर्षांच्या मुलीच्या जीवाणूवर तीन फेज उपयोगी ठरले. त्यांपैकी मडी नावाचा एकटाच जसा होता तसा परिणामकारक होता. झोई-जे आणि बीपीज हे दोघे सौम्य प्रकृतीचे होते. त्यांना सौम्य ठेवणारे जनुक काढून टाकून त्यांना नि:शेष मारणारे बनवावे लागले.

मडी दक्षिण आफ्रिकेतल्या दर्बानमध्ये २०१० साली सापडला होता. क्वाझुलू-नाताळ विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने खताच्या ढिगातल्या कुजलेल्या वांग्याच्या खालच्या अंगाची घाण खरवडून घेतली, तिच्यातून तो निघाला. सात वर्षे तो पिट्सबर्गच्या शीतपेटीत पडून होता. संग्रह करताना कशाचा उपयोग होईल हे आधी ठरवता येत नाही, आणि उपयोगाच्या अपेक्षेने निवडून गोळा केले असते तर वांग्याकडे कुणी वळलेही नसते. उपयोग सिद्ध झाल्याशिवाय संग्रहांना पैसा द्यायला कुरकुरणाऱ्या प्रत्येक अनुदान समितीने हे उदाहरण ध्यानात ठेवावे.

जून २०१८ पासून त्या मुलीला हे तीन फेज दिवसातून दोनदा शिरेवाटे दिले गेले. शस्त्रक्रियेची जखम भरून आली, यकृताचे काम सुधारले, त्वचेवरच्या गाठी हळूहळू विरल्या. मे २०१९ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मायकोबॅक्टेरियमच्या संसर्गावर फेज वापरल्याचा आणि जनुकीय बदल केलेले फेज माणसाला दिल्याचा तो पहिलाच दाखला होता.

मदतीचे जाळे

त्याआधी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन दिएगो इथे टॉम पॅटरसन यांचा जीव फेजमुळे वाचला होता. इजिप्तच्या सहलीत त्यांना स्वादुपिंडाचा आजार झाला, त्यात सर्व प्रतिजैविकांना दाद न देणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर बाउमानी हा जीवाणू शिरला आणि ते कोमात गेले. त्यांच्या पत्नी स्टीफनी स्ट्रॅथडी स्वतः साथरोगतज्ज्ञ. त्यांनी अनोळखी संशोधकांना पत्रे लिहून फेज मागितले. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आणि अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेने ते पुरवले. सॅन दिएगोतल्या दुसऱ्या एका प्रयोगशाळेने जीवाणूंच्या अवशेषांतले विष काढून ते शिरेवाटे देण्याजोगे शुद्ध केले. जीवाणूने मधेच प्रतिकारक्षमता मिळवली तेव्हा नवा फेज शोधण्यात आला. संसर्गरोगतज्ज्ञ रॉबर्ट स्कूली यांच्या देखरेखीखाली झालेल्या या उपचारातून पुढे २०१८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत फेज उपचाराचे केंद्र उभे राहिले.

पण ओळखीपाळखीवर चालणारी यंत्रणा सगळ्यांना पुरत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये पिट्सबर्गला एका तरुण रुग्णासाठी असाच शोध सुरू झाला. फेज मिळून पहिली मात्रा दिली गेली, तोवर फार उशीर झाला होता. कुठल्या प्रयोगशाळेकडे कोणत्या जीवाणूचे फेज आहेत याची एकत्र यादीच तेव्हा नव्हती. ती करायला सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ जेसिका सॅकर आणि जान झेंग पुढे सरसावले. त्यांच्या फेज डिरेक्टरीवर प्रयोगशाळा आपले नाव नोंदवतात, आणि एखाद्या रुग्णासाठी गरज पडली की सर्वांना निरोप जातो. याहून जुना धागा अमेरिकेतल्या ऑलिंपिया शहराचा: एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात एलिझाबेथ कटर यांनी १९७५ पासून फेज-अभ्यासकांच्या सभा भरवल्या, आणि या विषयाची पश्चिमेकडे उपेक्षा होत होती त्या काळात तिबिलिसीच्या संशोधकांशी संवाद टिकवला. कॅनडात लाव्हाल विद्यापीठात देरेल यांच्याच नावाने फेजचा मोठा संदर्भसंग्रह आहे.

पुरावा कितपत

एकेका रुग्णाच्या कथेवरून उपचार सिद्ध होत नाही. फ्रान्स आणि बेल्जियममध्ये भाजलेल्या रुग्णांच्या जखमांवर झालेली फेगोबर्न ही चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचे निष्कर्ष निराशाजनक होते. बारा फेजांचे मिश्रण साठवणीत कमकुवत झाले. रुग्णांना ठरल्यापेक्षा कित्येक हजारपट कमी फेज मिळाले आणि नेहमीचे मलमच अधिक लवकर परिणाम दाखवू लागले. ढाक्यात लहान मुलांच्या ई. कोलाय अतिसारावर केलेल्या चाचणीतही २०१६ मध्ये लाभ दिसला नाही.

वैयक्तिक जुळवणीचे चित्र वेगळे आहे. ब्रुसेल्सच्या क्वीन अ‍ॅस्ट्रिड लष्करी रुग्णालयाच्या पुढाकाराने १२ देशांत झालेल्या सलग १०० उपचारांचा आढावा २०२४ मध्ये आला. ७७ टक्के संसर्गांत प्रकृती सुधारली आणि ६१ टक्क्यांत जीवाणू नाहीसा झाला. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, त्यामुळे हे आकडे जपून वाचायला हवेत. त्यातला सर्वांत उपयोगी धडा असा की, फेज प्रतिजैविकांसोबत दिल्यास यश कितीतरी जास्त मिळते. प्रतिजैविकांना हद्दपार करणारा पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहणे चूक ठरेल. हॅटफुल यांच्या गटाने २०२२ मध्ये मायकोबॅक्टेरियमच्या २० रुग्णांचा वृत्तान्त दिला. त्यांपैकी ११ जणांना फायदा झाला.

परवानगीचा प्रश्नही किचकट आहे. औषधनियंत्रणाचे नियम एकाच ठरलेल्या रेणूसाठी बनले आहेत. इथे तर रुग्णागणिक घटक बदलतात. बेल्जियमने यावर शहाणा मार्ग काढला. डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषधनिर्मात्याने रुग्णापुरते औषध तयार करण्याची जुनी तरतूद त्यांनी फेजला लागू केली आणि तपासणीची जबाबदारी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे दिली.

भारतात बनारस हिंदू विद्यापीठात बऱ्या न होणाऱ्या जुनाट जखमांवर फेज लावण्याचे अभ्यास झाले आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२.७ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्याचा मोठा भार दक्षिण आशियावर पडतो. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, म्हणून हॅटफुल यांच्या गटाचे २०२१ चे काम इथे विशेष महत्त्वाचे: क्षयाच्या जीवाणूचे विविध वाण मारू शकणारे पाच फेजांचे मिश्रण त्यांनी प्रयोगशाळेत तयार केले. क्षयाचा जीवाणू आपल्या पेशींच्या आत दडून राहतो. तिथवर फेज कसा पोहोचवायचा, हा पुढचा प्रश्न आहे. अ‍ॅबसेससच्या बाबतीतही एक मोठी पोकळी बाकी आहे. त्याच्या ज्या वाणांच्या वसाहती डिशवर खडबडीत दिसतात त्यांच्यावर मडी आणि इतर काही फेज चालतात. गुळगुळीत वसाहतींच्या वाणांना नीट मारणारा फेज अजून संग्रहात जवळपास नाही, आणि त्यांचा संसर्ग झालेल्या रुग्णांच्या डॉक्टरांना तूर्त नकारच कळवावा लागतो.