मोझेलकाठी सायकलनं जाताना: फोनचा नकाशा खिशातच राहू द्या

आम्ही मोझेलकाठच्या सायकल सहली आखतो, आणि दर हंगामात आम्हाला एक फोन ठरलेला असतो. वेळ दुपारी दोन-अडीचची. पलीकडून धाप लागल्याचा आवाज, मागे कोणाची तरी चिडचिड, आणि प्रश्न एकच: "अहो, तुम्ही तर रस्ता सपाट आहे म्हणाला होतात!"

रस्ता सपाटच आहे. तुम्ही त्या रस्त्यावर नाही, एवढंच.

जर्मनीतल्या मोझेल नदीचा स्वभाव आधी समजून घ्या. ट्रिअर ते कोब्लेंझ हे अंतर सरळ रेषेत शंभर किलोमीटरही भरत नाही, पण नदी तिथवर पोचायला जवळपास दुप्पट वाट चालते. मधल्या टप्प्यात तर ती इतकी वळते, की तासभर सायकल मारून तुम्ही सकाळच्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला येता. सायकलचा मार्ग या सगळ्या वळणांना धरून पाण्याच्या कडेनं जातो, म्हणूनच तो सपाट आहे. फोनला हे कळत नाही. मुक्कामाचं नाव टाकलं की त्याला जवळची वाट दिसते, आणि जवळची वाट म्हणजे डोंगर. कधी सायकलचा पर्याय निवडायचा राहून जातो, कधी निवडला तरी तो आखूड रस्ताच पुढे करतो.

ट्राबेन-ट्रारबाख ते बेर्नकास्टेल-कूस या टप्प्यात सर्वांत जास्त लोक फसतात. नदीकाठानं हे अंतर वीस किलोमीटरहून जास्त आहे, डोंगरावरून सातच्या आसपास. सात म्हटल्यावर कोणालाही मोह होणारच. पण त्या सातात अडीचशे मीटरहून अधिक चढ आहे. सिंहगड चढणाऱ्याला ते काहीच नाही, मान्य. मात्र सिंहगड आपण पंचवीस किलोची बॅटरीवाली सायकल ढकलत चढत नाही.

मागे आमच्याकडचं एक जोडपं असंच वर गेलं. अर्ध्या वाटेत बॅटरी संपली. पायाखाली पाटीच्या दगडाचे (स्लेटचे) सुटे, निसरडे कपचे, दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या ओळी, आणि तासभरात भेटलेला एकच माणूस एका रुळावर चालणाऱ्या इवल्याशा गाडीवर बसून उतारावरून खाली निघालेला. (या उतारांवर ट्रॅक्टर चढत नाही, म्हणून तिथल्या बागायतदारांनी ही रुळावरची गाडी बसवली आहे. बघण्यासारखी असते, पण ती तुम्हाला वर नेणार नाही.) दोघं मुक्कामी पोचले साडेसहाला. त्यांच्या खोलीची किल्ली घेऊन बसलेला मालक स्वतः वाइन करणारा. दिवस तोडणीचे, तळघरात रस उकळ्या मारतोय आणि हा दारात उभा. आमची बहुतेक घरं अशीच आहेत, घरगुती. चोवीस तास माणूस बसलेला हॉटेलचा काउंटर तिथे नसतो. पुढच्या वर्षी त्या घरात आम्हाला खोली मागताना काय ऐकावं लागलं, ते इथे लिहीत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी आम्ही मार्गाची फाइल फोनमध्ये टाकून देतो आणि हँडलला लावायचा छापील कागदही देतो. त्यातलं काहीच सापडलं नाही, तर एक गोष्ट लक्षात ठेवा: गावातून जाण्याची दोन-चार मिनिटं सोडली, तर नदी डोळ्यांआड होता कामा नये. ती दिसेनाशी झाली आणि पायांवर जोर येऊ लागला, की तिथेच थांबा. पुढे जाऊन बघू म्हणू नका. मागे फिरा.

आता याचीच दुसरी बाजू. सायकलवाल्याला जो डोंगर नडतो, तोच पायी जाणाऱ्याचं सुख आहे. मोझेलश्टाइग ही 365 किलोमीटरची पायवाट 2014 साली खुली झाली. सीमेवरच्या पेर्लपासून कोब्लेंझपर्यंत तिचे 24 टप्पे आहेत आणि ती बहुतेक वरून, कड्याकड्यानं जाते. त्यामुळे एकाला सायकल आवडते, दुसऱ्याला नाही, अशा जोडप्यांना आम्ही हाच ट्राबेन-बेर्नकास्टेलचा दिवस मुद्दाम सुचवतो. एकानं काठानं वीसेक किलोमीटर सायकल मारायची, दुसऱ्यानं डोंगर ओलांडायचा. दोघं साधारण एकाच सुमारास बेर्नकास्टेलच्या लाकडी चौकटीच्या घरांमधल्या चौकात भेटतात. वादच नको. ब्रेमजवळचा काल्मोंट हा कडा मात्र वेगळा आहे. युरोपातल्या सर्वांत तीव्र उताराच्या द्राक्षबागांत त्याचं नाव घेतात, आणि तिथल्या वाटेवर लोखंडी दोर व शिड्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर खालून बघा, खालूनही तो छान दिसतो.

"रोज तीस-पस्तीस किलोमीटरच का? आम्ही पुण्याहून लोणावळा करून परत येतो."

हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि त्यामागची शंकाही आम्हाला कळते: मुक्काम वाढवून बिल फुगवताय का? साठ किलोमीटर तुम्ही आरामात माराल, याबद्दल वाद नाही. पण मग पीसपोर्टला त्या अर्धगोल डोंगरासमोर बसणं होणार नाही. नॉयमागेनला रोमन काळातल्या वाइनच्या जहाजाचं दगडी शिल्प सापडलं, त्याचा इतिहास वाचणं होणार नाही. आणि दुपारी श्ट्राउसविर्टशाफ्ट उघडी दिसली तरी थांबता येणार नाही. ही म्हणजे वाइन करणाऱ्याच्याच अंगणातली किंवा कोठारातली तात्पुरती खानावळ. कायद्यानं ती वर्षात चारच महिने चालवता येते, खुर्च्या चाळीसपेक्षा जास्त नाहीत, आणि वाइन घरचीच. दारावर झाडू किंवा फांद्यांची जुडी टांगलेली असली की समजायचं, चालू आहे. रोख पैसे जवळ ठेवा. शाकाहारी मंडळींनी फ्लामकूखन (पिझ्झासारखी पातळ भाजलेली रोटी) मागवताना "ओहने श्पेक" म्हणायला विसरू नये, नाहीतर त्यावर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. रात्रीचं जेवण साडेसातच्या आत मागवा. गावात नऊला स्वयंपाकघर उघडं असेल ही पुण्यातली आशा तिथे नको.

मधल्या टप्प्यात थकलात तर रेल्वेही हाताशी नाही. मुख्य मार्ग बुलाय गावाच्या पुढे नदी सोडून आतून ट्रिअरला जातो. एक फाटा ट्राबेन-ट्रारबाखपर्यंत येतो आणि तिथेच संपतो. पूर्वी काठानं एक छोटी गाडी होती. प्रवासी डब्यातच वाइन पीत, म्हणून लोक तिला बेवड्यांची गाडी म्हणत. ती 1960च्या दशकात बंद पडली, आणि तिच्या जुन्या वाटेच्या काही भागावरून आज तुमची सायकल जाते.

वाइनचं म्हणाल तर एक ग्लास दुपारी, बाकीचे संध्याकाळी सायकल लावल्यावर. हे आम्ही साजूकपणानं सांगत नाही. जर्मनीत सायकलवरही रक्तातलं मद्य 1.6 प्रति हजार झालं की तो फौजदारी गुन्हा आहे. झोकांड्या खात किंवा धडकत चालवत असाल तर 0.3 लाही पकडतात. चव घ्यायला 0.1 लिटरचा ग्लास मागा. पण रीसलिंगचे (इथल्या पांढऱ्या वाइनचे) पाच प्रकार चाखले की तेही अर्ध्या लिटरवर जातं, तेव्हा हिशेब स्वतः ठेवा. आवडलेली बाटली पाठीवर वाहू नका. त्यावर नाव लिहून घरमालकाकडे ठेवा, सामानाच्या गाडीतून आम्ही पुढे नेतो. माणशी सहा बाटल्यांपर्यंत त्याचे वेगळे पैसे लागत नाहीत.

त्या गाडीसाठी बॅगा सकाळी नऊला दाराशी हव्यात. साडेनऊ चालणार नाही. पुढे आणखी पाच घरं असतात.

आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात येणार असाल तर फेडरवाइसर जरूर प्या. ती अजून आंबत असलेली, गढूळ, गोडसर नवी वाइन, सोबत कांद्याचा गरम केक. पण तिच्या बाटलीचं झाकण मुद्दाम सैल ठेवलेलं असतं, कारण आतला वायू बाहेर पडायला हवा. ती उभी ठेवूनच न्यावी लागते. गाडीत आमच्या माणसाला तसं सांगा. गेल्या खेपेला एकांनी ती स्वेटरमध्ये गुंडाळून बॅगेत आडवी ठेवली होती, आणि त्या बॅगेच्या खाली दुसऱ्याच कुटुंबाची बॅग होती.