लो आयल्सची नोंद: प्रवाळ-विरंजनाच्या संशोधनाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावरील पोर्ट डग्लसपासून सुमारे 15 किलोमीटरवर लो आयल्स ही दोन चिमुकली बेटे आहेत. एकावर वाळू आणि दीपगृह, तर दुसऱ्यावर खारफुटीचे रान. ग्रेट बॅरियर रीफच्या विस्तारात ही बेटे नकाशावर शोधावी लागतात. तरीही उष्णतेच्या ताणाखाली प्रवाळांचे काय होते, या आजच्या संशोधनाचा माग काढू लागले की पावले पुन्हा पुन्हा तिथेच वळतात.

जुलै 1928 मध्ये मॉरिस यंग हे अवघ्या 28 वर्षांचे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ एक तुकडी घेऊन तेथे उतरले आणि वर्षभराहून अधिक काळ त्यांनी मुक्काम केला. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकपठारावर ठरावीक रेषा आखून, कोणत्या हातभर जागेत कोणते प्रवाळ आहे याची मोजदाद करण्यात आली. खोल पाण्यात जायचे तर डोक्यावर धातूचे शिरस्त्राण चढवायचे आणि वरून पंपाने हवा सोडायची. सिडनी मँटन यांनी काढलेले या रेषांचे आराखडे पाहिले, तर एकेका प्रवाळाला स्वतंत्रपणे न्याहाळल्याचे जाणवते.

यंग यांचा स्वतःचा प्रश्न मात्र निराळा होता: प्रवाळ खातात काय? प्रवाळाच्या पेशींत पिवळसर तपकिरी रंगाचे सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहते, हे ज्ञात होते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल ब्रांट यांनी 1881 मध्येच त्याला झूझँथेला हे नाव दिले होते. यंग आणि त्यांचे सहकारी ऑब्रे निकोल्स यांनी काही प्रवाळ उजेड अजिबात न शिरणाऱ्या पेट्यांत ठेवले. अंधारात शैवाल नाहीसे झाले, प्रवाळ फिकट पडले, पण जगले. त्यावरून यंग यांनी निष्कर्ष काढला की शैवाल प्रवाळाला अन्न पुरवत नाही, फार तर त्याची टाकाऊ द्रव्ये वापरून घेते. हा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. मात्र त्याच मुक्कामात, 1929 च्या सुरुवातीच्या कडक उन्हाळ्यात (दक्षिण गोलार्धातील उन्हाळा तेव्हाच असतो) पठारावरचे प्रवाळ तापलेल्या पाण्यात शैवाल गमावताना या दोघांनी पाहिले, आणि 1931 मध्ये ते छापलेही. उष्णतेमुळे होणाऱ्या विरंजनाच्या, म्हणजे शैवाल गमावून प्रवाळ पांढरे पडण्याच्या, अगदी आरंभीच्या शास्त्रीय नोंदींपैकी ही एक. माझ्या मते, यंग यांच्या मुख्य निष्कर्षापेक्षा ही अनुषंगाने आलेली नोंदच अधिक टिकली.

तिचा अर्थ लागायला मात्र अर्धशतक जावे लागले. 1950 च्या दशकात जमैकात थॉमस गोरो यांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून दाखवले की उजेडात प्रवाळाचा चुनखडीचा सांगाडा कितीतरी वेगाने वाढतो. लिओनार्ड मस्कॅटिन यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने, शैवालाने तयार केलेले अन्न प्रवाळांच्या नातलग समुद्रफुलाच्या शरीरात पोचते, हे सिद्ध केले. म्हणजे शैवाल हा भाडेकरू नसून घर चालवणाराच निघाला. पाणी नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा अंशभराने जरी काही आठवडे जास्त राहिले, तरी शैवालाची प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, घातक ऑक्सिजन-संयुगे साचतात आणि प्रवाळ शैवालाला बाहेर काढतो. पारदर्शक मांसातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. प्रवाळ तेव्हा मेलेला नसतो, उपाशी असतो. पाणी लवकर थंड झाले तर शैवाल परतते, नाही तर उपासमारीने मृत्यू ठरलेला.

हा प्रकार स्थानिक नाही, हे 1982-83 च्या एल निनोने दाखवून दिले. पीटर ग्लिन यांनी पनामाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर जे मोठ्या प्रमाणावरचे मरण नोंदवले, त्यामागे चिखल, गोडे पाणी किंवा वादळ नव्हते. कारण समुद्राचे तापणे हेच होते. 1998 मध्ये तेच जगभर घडले आणि आपल्याकडे लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही त्याची जबर झळ बसली. ग्रेट बॅरियर रीफवर त्यानंतर 2002, 2016, 2017, 2020, 2022 आणि 2024 या वर्षी व्यापक विरंजन झाले. पूर्वी दोन आघातांमध्ये सावरायला वर्षे मिळत. ते अंतरच आता उरलेले नाही.

याच काळात माओझ फाइन आणि ओव्ह हू-गुल्डबर्ग यांच्या गटाने 2004, 2015 आणि 2019 मध्ये लो आयल्सवर जाऊन 1928 च्या जुन्या जागांची पुन्हा मोजणी केली. प्रवाळांची विविधता घटलेली, रचनेतली गुंतागुंत कमी झालेली आणि मूळ स्थितीकडे परतण्याची चिन्हे फारच थोडी, असे त्यांना आढळले. दोष एकट्या उष्णतेचा नाही. चक्रीवादळे आणि किनाऱ्यावरून वाहून येणारा गाळ यांचाही त्यात वाटा आहे. पण एवढे तरी ठामपणे म्हणता आले, कारण आधीची मोजदाद हाताशी होती.

कोकणात अशी जुनी मोजदाद नाही. मालवणसह पश्चिम किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळांची शास्त्रीय नोंद गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केली, आणि मालवणचे सागरी अभयारण्य 1987 मध्ये घोषित झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात त्याआधी किती आणि कोणते प्रवाळ होते, हे आता मोजता येणार नाही.