सरकारी कार्यालयातील जुने संगणक निकाली काढताना: पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

केंद्र सरकारच्या कार्यालयातील बंद पडलेले संगणक, प्रिंटर व तत्सम उपकरणे निकाली काढताना दोन नियमावल्या एकत्र पाहाव्या लागतात. सामान्य वित्तीय नियम, 2017 सरकारी मालमत्तेच्या निर्लेखनाची (वस्तू नोंदीतून कमी करण्याची) व विक्रीची पद्धत ठरवतात, तर 1 एप्रिल 2023 पासून अमलात आलेले ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 ती वस्तू कोणाच्या हाती जावी हे ठरवतात. नस्ती (फाइल) मात्र बहुधा पहिल्या नियमावलीपुरतीच तयार होते, आणि सर्वांत चढी बोली लावणाऱ्या साध्या भंगार व्यापाऱ्याला माल दिला जातो. तांब्यासाठी उघड्यावर वायर जाळणे आणि शिसेयुक्त काचेचे जुने मॉनिटर फोडणे हे त्यापुढचे नेहमीचे टप्पे असल्याने ही चूक किरकोळ मानता येत नाही.

आर्थिक वर्षात कोणत्याही वेळी ई-कचरा नियमांना जोडलेल्या अनुसूचीतील (उपकरणांच्या यादीतील) किमान 1000 उपकरणे वापरणारी संस्था 2022 च्या नियमांनुसार ‘मोठा ग्राहक’ ठरते, आणि तिने आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्ती-नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रणकर्ता यांच्याकडेच सोपवणे बंधनकारक आहे. मोजणीत केवळ संगणक धरू नयेत. दूरध्वनी संच, वातानुकूलन यंत्रे आणि फ्रिजही अनुसूचीत आहेत. ही संख्या न गाठणाऱ्या लहान कार्यालयांनीही हाच मार्ग धरावा, कारण विषारी धूर उपकरणांची संख्या पाहून कमी घातक होत नाही.

प्रक्रियेची सुरुवात जडसंग्रह नोंदवहीशी (कार्यालयातील टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीशी) प्रत्यक्ष पडताळणी करून होते. वस्तू निरुपयोगी किंवा कालबाह्य का झाली याची कारणे, ती वस्तू खरेदी करण्यास सक्षम असलेल्या प्राधिकाऱ्याने लेखी नोंदवावी लागतात. त्यासाठी समितीही नेमता येते. पुस्तकी किंमत, ती काढता येत नसल्यास मूळ खरेदी किंमत, आणि राखीव किंमत (विक्रीसाठीची किमान किंमत) ठरवून विल्हेवाटीचा अहवाल सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर) जीएफआर 10 या नमुन्यात तयार केला जातो. कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे वस्तू निकामी झाली असेल, तर जबाबदारी निश्चित करणे आवश्यक आहे.

अंदाजित अवशिष्ट मूल्य (वस्तूची उरलेली किंमत) दोन लाख रुपयांहून अधिक असल्यास जाहिरात देऊन निविदा किंवा जाहीर लिलाव करावा लागतो. त्याखालील मालाची पद्धत सक्षम प्राधिकारी ठरवतो. येथेच सर्वांत महत्त्वाची काळजी घ्यावी: बोलीदार केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणीकृत असावा, ही अट निविदेच्या मजकुरातच घालावी आणि नोंदणी वैध असल्याची खात्री मंडळाच्या पोर्टलवर करून घ्यावी. माल उचलून नेल्यानंतर ही अट आठवून उपयोग नसतो.

नस्तीत निर्लेखनाचा आदेश, जीएफआर 10 मधील अहवाल, खरेदीदाराच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, वस्तूंच्या वजनासह व अनुक्रमांकांसह हस्तांतरणाची पावती आणि जीएफआर 11 नमुन्यातील विक्री लेखा असावा. संगणक बाहेर जाण्यापूर्वी हार्ड डिस्कवरील माहिती पुन्हा मिळवता येणार नाही अशा रीतीने पुसावी किंवा डिस्क नष्ट करावी, आणि तसे प्रमाणपत्र संबंधित अधिकाऱ्याच्या सहीने जोडावे. निवृत्तिवेतनाच्या किंवा कराच्या नोंदी ज्या यंत्रांत होत्या, त्यांच्या बाबतीत यात कसूर होऊ देऊ नये.

यूपीएसच्या बॅटऱ्या मात्र या यादीत धरू नयेत. त्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, 2022 लागू होतात, म्हणून त्या वेगळ्या काढून त्यांचे संकलन किंवा पुनर्चक्रण करणाऱ्या संस्थेकडे स्वतंत्र पावतीने सोपवाव्यात.