आइसलंडची मुलं दारूपासून लांब कशी गेली?

1998 साली आइसलंडमधल्या 15-16 वर्षांच्या मुलामुलींना एक साधा प्रश्न विचारला गेला. गेल्या महिन्याभरात कधी दारू पिऊन झिंगला होतात का? 42 टक्के मुलांनी ‘हो’ असं उत्तर दिलं. त्या काळात शुक्रवारी रात्री राजधानी रेक्याविकच्या मध्यवस्तीत पोरापोरींचे प्यायलेले घोळके फिरायचे आणि मोठी माणसं तिथून जायला कचरायची. 2016 साली पुन्हा हाच प्रश्न विचारला, तेव्हा ‘हो’ म्हणणारी मुलं 5 टक्क्यांवर आली होती. रोज सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण 23 वरून 3 टक्क्यांवर उतरलं होतं आणि गांजा एकदा तरी ओढून पाहिलेल्यांचं 17 वरून 7 टक्क्यांवर.

या अठरा वर्षांत तिथे दारूबंदी आली नाही. उलट 1989 पर्यंत त्या देशात बिअरवर बंदी होती, ती उठून 1998 साली जेमतेम नऊ वर्षं झाली होती. मग मुलं प्यायची का थांबली?

त्याआधी मुलं मुळात का पितात, ते पाहू. किशोरवयात मेंदूतली मजा आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा जोरात असते, आणि ‘थांब, पुढे काय होईल बघ’ असं सांगणारा कपाळामागचा भाग पुरता तयार व्हायला पंचविशी उजाडते. इतकं आता बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पण यात दोस्तांचा भाग किती मोठा आहे, ते लॉरेन्स स्टाइनबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2005 साली दाखवून दिलं. त्याने किशोरांना, कॉलेजच्या वयाच्या तरुणांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला. एकटं असताना तिन्ही गट थोड्याफार फरकाने सारखंच खेळले. शेजारी दोस्त बसवले, तेव्हा किशोरांनी कितीतरी जास्त धोके पत्करले, प्रौढांमध्ये मात्र जवळजवळ काहीच फरक पडला नाही. म्हणजे ज्या मुलाला आपण घरी समजूतदार म्हणून ओळखतो, तो मित्रांच्या कोंडाळ्यात खरोखरच वेगळे निर्णय घेतो. त्याला आपण खोटारडा ठरवतो, हा त्याच्यावर अन्याय आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त काळजीची वाटते. मोठ्या माणसाला दारू चढली की झोप येते, जीभ जड होते, तोल जातो, आणि शरीरच त्याला ‘पुरे’ म्हणतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की किशोरवयीन उंदरांना ही गुंगी प्रौढ उंदरांपेक्षा बरीच कमी येते. स्मरणशक्तीला होणारी इजा मात्र त्यांच्यात जास्त असते. माणसाच्या मुलांवर असे प्रयोग करता येत नाहीत आणि करूही नयेत, पण हे तसंच्या तसं लागू पडत असेल तर त्याचा अर्थ गंभीर आहे. ‘मला काही होत नाही’ असं म्हणणारा सोळा वर्षांचा मुलगा खरं बोलत असतो आणि तरीही त्याचं नुकसान होत असतं.

अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत 1997 साली दिसलं की पंधराव्या वर्षाच्या आत प्यायला सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे 40 टक्के लोक पुढे कधी ना कधी दारूच्या व्यसनात अडकले होते. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण 10 टक्के होतं. लवकर पिणाऱ्यांच्या घरची परिस्थिती, घराण्यातलं व्यसन हेही त्यात आलं, त्यामुळे सगळा दोष वयावर टाकता येत नाही. तरीसुद्धा पहिला घोट दोन-चार वर्षं पुढे ढकलणं हे प्रतिबंधाचं मोठं काम मानलं जातं, ते यामुळेच.

मग मुलांना हे सगळं सांगितलं की झालं, असं कुणालाही वाटेल. अमेरिकेला तसंच वाटलं होतं. 1983 साली लॉस एंजेलिसमध्ये ‘डेअर’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातला पोलीस वर्गात यायचा, नशेचे दुष्परिणाम सांगायचा, ‘नाही’ कसं म्हणायचं ते शिकवायचा आणि मुलांकडून वचन घ्यायचा. पालक खूश, शाळा खूश. कार्यक्रम देशभर पसरला. पुढे संशोधकांनी मोजमाप केलं, तेव्हा वापरावर झालेला परिणाम नगण्य निघाला. केंटकी राज्यातल्या एक हजारांवर मुलांचा दहा वर्षं माग काढला गेला. विसाव्या वर्षी ‘डेअर’ शिकलेल्या मुलांच्या आणि साधी आरोग्यशिक्षणाची तासिका मिळालेल्या मुलांच्या नशेच्या वापरात काहीच फरक नव्हता. 2009 पासून ‘डेअर’ चालवणाऱ्या संस्थेने आपला अभ्यासक्रमच बदलला.

यात आणखी एक अडचण असते. शाळेत ‘आजची तरुणाई दारूच्या आहारी गेली आहे’ असं भाषण झालं की न पिणाऱ्या मुलाला वाटतं, अरे, सगळेच पितात, मीच मागे राहिलो. आपल्या बरोबरीची मुलं खरोखर जितकी पितात, त्याहून कितीतरी जास्त पितात अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. 1980 च्या दशकापासून अमेरिकी विद्यापीठांतल्या पाहण्यांमध्ये हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मनातून प्रत्येकाला जरा नकोसं वाटत असतं, पण दुसऱ्याच्या मनातलं दिसत नाही, आणि सगळे मिळून ग्लास उचलतात.

आइसलंडने सुरुवात केली ती मोजण्यापासून. हार्वे मिल्कमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ 1991 साली तिथे व्याख्यानाला गेले होते. त्यांचं म्हणणं असं की मुलं मेंदूतल्या रसायनांचा खेळ शोधत असतात, कुणाला उसळी हवी असते तर कुणाला शांत व्हायचं असतं. तेच नाचण्यातून, संगीतातून, मैदानावर मिळालं तर? डेन्वरमध्ये त्यांनी अडचणीतल्या मुलांसाठी असा प्रकल्प चालवलाही. मुलांना ‘तुमच्यावर उपचार करतो’ असं सांगितलं नाही, ‘तुम्हाला जे शिकायचंय ते शिकवतो’ असं सांगितलं. रेक्याविकमध्ये समाजशास्त्रज्ञ इंगा डोरा सिगफुसदोत्तिर आणि त्यांचे सहकारी या कल्पनेला आकड्यांची जोड देत होते. शाळाशाळांत नाव न लिहिता प्रश्नावली भरून घेतली जायची. दारू पितोस का, एवढंच विचारत नसत. संध्याकाळी कुठे असतोस? आईवडिलांना तुझे मित्र माहीत आहेत का? आठवड्यात किती वेळा खेळायला जातोस? रात्री उशिरा बाहेर असतोस का?

उत्तरांत चार गोष्टी ठळक दिसल्या. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून तीन-चार वेळा खेळणं, घरच्यांबरोबर घालवलेला वेळ, शाळेत आपली कुणाला तरी फिकीर आहे ही भावना, आणि रात्री उशिरा बाहेर नसणं. ज्यांच्या आयुष्यात हे होतं ती मुलं पिण्याची शक्यता कमी होती.

मग सरकारने आणि पालिकांनी या चार गोष्टींवर हात घातला. दारू विकत घेण्याचं वय 20, तंबाखूचं 18, दोन्हींच्या जाहिरातींना मनाई. 13 ते 16 वर्षांच्या मुलांनी हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर मोठ्यांशिवाय बाहेर राहायचं नाही. या वेळा छापलेलं चुंबक घराघरांत फ्रिजवर लागलं. सगळ्यांच्या फ्रिजवर एकच वेळ म्हटल्यावर ‘बाकीच्यांना तर सोडतात’ ही मुलांची तक्रार आपोआप गळून पडली. शुक्रवारी-शनिवारी रात्री पालकांचे छोटे गट आपल्या वस्तीत फेरी मारायला निघू लागले. पोरांना पकडायला नव्हे, तर मोठी माणसं रस्त्यावर आहेत हे दिसावं म्हणून. शाळेतल्या पालकांनी लेखी करार केले की आपण अल्पवयीन मुलांना दारू आणून देणार नाही, आणि दुसऱ्याच्या मुलाकडेही लक्ष ठेवू.

खर्चाचा खरा वाटा खेळ, संगीत, नृत्य, कला यांवर गेला. रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे वर्षाला 35,000 क्रोनांचं ‘फुरसत कार्ड’ मिळायचं, ते फक्त क्लासच्या आणि क्लबच्या फीसाठीच वापरता यायचं. गरीब घरातली मुलंही फुटबॉलच्या सरावाला गेली ती यामुळे. आठवड्यातून किमान चार वेळा असा खेळ खेळणाऱ्या मुलांचं प्रमाण 1997 ते 2012 या काळात 24 वरून 42 टक्क्यांवर गेलं. कामाच्या दिवशीही बहुतेकदा आईवडिलांबरोबर असतो, असं सांगणारी मुलं 23 टक्क्यांवरून 46 टक्के झाली.

आता शंका. याच काळात युरोपातल्या इतर अनेक देशांतही मुलांचं पिणं घटलं, त्यामुळे सगळं श्रेय या प्रयोगाला देणं बरोबर नाही. शिवाय आइसलंड हा चार लाखांच्याही आतला देश आहे, श्रीमंत आहे, तिथे शाळा आणि पालिका एकमेकांना ओळखतात. या शंका मला रास्त वाटतात. पण 2015 च्या युरोपीय शालेय पाहणीत गेल्या तीस दिवसांत दारू प्यायलेल्या मुलांची सरासरी 48 टक्के होती आणि आइसलंडची 9. इतकी मोठी तफावत निव्वळ काळाच्या ओघाने पडली, असं म्हणवत नाही.

महाराष्ट्रात कायदा आइसलंडपेक्षा कडक आहे. बिअर आणि वाइनसाठी 21, इतर दारूसाठी 25 वर्षं. पण हळदीच्या रात्री, वरातीत, थर्टी फर्स्टला ढाब्यावर पोरांच्या हातात ग्लास कोण देतं, हे आपण सगळे जाणतो, आणि तिथे कायद्याचा माणूस उभा नसतो. आपल्याकडे 31 डिसेंबरला ‘द दारूचा नव्हे, द दुधाचा’ म्हणत दूध वाटणारे कार्यकर्ते आहेत, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. फक्त तो दिवस वर्षातून एकदाच येतो.

वर्षभर काम काय असतं, ते गडचिरोलीत दिसतं. जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, आणि नुसत्या बंदीने भागत नाही हे तिथल्या लोकांनी अनुभवलं. शासन, डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ ही संस्था आणि टाटा ट्रस्ट यांनी मिळून उभ्या केलेल्या ‘मुक्तिपथ’ या अभियानाने गावागावांत संघटना बांधल्या. जंगलात लपवलेला मोहसडवा, म्हणजे दारू गाळण्यासाठी सडवलेली मोहाची फुलं, बाया स्वतः शोधून काढतात आणि ओतून देतात. सोबत शाळांत जागृती, पोलिसांची कारवाई आणि व्यसनी माणसांवर उपचार असं चारही अंगांनी काम चालतं. आइसलंडच्या पालकांची रात्रीची फेरी आणि गडचिरोलीच्या बायांची जंगलातली शोधमोहीम यांच्यामागचा विचार एकच आहे. मुलाला एकट्याला ‘नाही’ म्हणायला लावण्याऐवजी त्याच्याभोवतीची मोठी माणसं आधी ‘नाही’ म्हणतात.

आपल्या एखाद्या तालुक्याने उद्या हे करायचं ठरवलं, तर पहिला खर्च छापील प्रश्नावलीचा येईल. आठवी ते दहावीच्या मुलांनी, नाव न लिहिता, शिक्षकांच्या हाती न देता बंद पाकिटात टाकायची. शाळा सुटल्यापासून जेवणाच्या वेळेपर्यंत कुठे असतोस? गावात खेळायला मैदान आहे का, आणि मुलींना तिथे जाता येतं का? पहिला घोट कुणी दिला, मित्राने, काकाने की मंडळातल्या दादाने? आणि या उत्तरांचा गोषवारा त्याच शाळेला, त्याच गावाच्या ग्रामसभेला दोन महिन्यांच्या आत परत द्यायचा, म्हणजे ज्यांनी उत्तरं लिहिली ती मुलं शाळेत असतानाच त्यावर काही करता येईल.